हिशेबाच्या वहीतला वेताळ

केरी वॉकिन हा टोरांटोचा चार्टर्ड अकाउंटंट. २०१३ मध्ये त्याने एक एक्सेल फाइल सगळ्यांसाठी फुकट खुली केली. तिचं नाव ‘अरीना डॉट एक्सएलएसएम’. फाइल उघडली की नेहमीच्याच चौकटी दिसतात, पण त्यांत जमा-खर्चाऐवजी एक योद्धा उभा असतो आणि त्याच्याभोवती शत्रू. एक पाळी योद्ध्याची, एक पाळी शत्रूंची, असा खेळ चालतो. सुमारे दोन हजार शत्रू, ३१ मंत्र आणि गोष्टीचे चार वेगवेगळे शेवट एवढा ऐवज त्या एका वर्कबुकात मावला आहे. कचेरीत बसून खेळायला याहून सोयीचा खेळ सापडायचा नाही. लांबून बघणाऱ्या साहेबाला कर्मचारी एक्सेलमध्ये मान खुपसून बसलेला दिसतो, आणि तो खरंच तिथे बसलेला असतो.

हा मोह खुद्द मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरांनाही आवरला नव्हता. एक्सेल ९५ मध्ये त्यांनी एक भुताटकीचं दालन दडवलं होतं. एक्सेल ९७ मध्ये ठरावीक सेलवर जाऊन ठरावीक बटणं दाबली की डोंगराळ मुलखावरून विमान उडायला लागायचं. एक्सेल २००० मध्ये मोटार पळवायचा खेळ होता. पण हे तिन्ही एक्सेलच्या पोटात लपवलेले वेगळे प्रोग्रॅम होते. सेल आणि फॉर्म्युले यांच्याशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. वॉकिनच्या खेळामागेही मॅक्रोंची, म्हणजे आत लिहिलेल्या कोडची, भक्कम फौज आहे. खरी गंमत त्याच्याही पुढची आहे. प्रोग्रॅमिंगची एक ओळही न लिहिता, नुसत्या फॉर्म्युल्यांवर चालणारा, कोड्यांनी भरलेला रोल-प्लेइंग गेम घरच्या घरी बनवता येतो, आणि तो बनवताना स्प्रेडशीट अडचण कमी आणि मदत जास्त करते.

रोल-प्लेइंग म्हणजे खेळणाऱ्याने एक पात्र व्हायचं. त्या पात्राला प्राण असतात, ताकद असते, चिलखत असतं, झोळीत चार वस्तू असतात. या प्रकाराची गंगोत्री म्हणजे गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ मध्ये आणलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. तो टेबलाभोवती बसून, फासे टाकत, तोंडाने गोष्ट सांगत खेळायचा. प्रत्येकाच्या हातात आपल्या पात्राचा एक कागद असतो, आणि ज्याने पतसंस्थेचं पासबुक पाहिलं आहे त्याला तो कागद सहज वाचता येईल: आधीची शिल्लक, आता किती गेले, उरले किती. ड्रॅगन, गुहा, जादूगार हे सगळं तोंडी. कागदावर फक्त आकडे.

आणि आकड्यांच्या चौकटींचा जन्मच मुळी ‘असं केलं तर काय होईल’ या प्रश्नातून झाला. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकणारा डॅन ब्रिकलिन फळ्यावरच्या तक्त्यांकडे बघत बसायचा. एक आकडा चुकला की प्राध्यापकाला पुढची सगळी रांग पुसून पुन्हा मांडावी लागे. एक आकडा बदलल्यावर बाकीचे आपोआप बदलणारा फळा हवा, असं त्याच्या मनात आलं. मग बॉब फ्रँक्सटनला बरोबर घेऊन त्याने ‘व्हिझिकॅल्क’ बनवलं. १९७९ मध्ये ते ॲपल टू कॉम्प्युटरवर विकायला आलं तेव्हा त्यात ६३ कॉलम आणि २५४ ओळी होत्या. आजच्या एक्सेलच्या एका शीटमध्ये १६,३८४ कॉलम आणि १०,४८,५७६ ओळी असतात. चांगला खेळ बनवायला व्हिझिकॅल्कएवढी जागाही पुरून उरेल.

लागणारं ज्ञानही फार नाही. एमएस-सीआयटीच्या किंवा तसल्या एखाद्या कॉम्प्युटर क्लासात बसलेल्या माणसाने गुणपत्रिका केलेली असते: गुण ३५ च्या खाली गेले तर ‘नापास’. तोच ‘इफ’ इथेही कामाला येतो: प्राण शून्यावर आले तर ‘मेला’.

आता खेळ कुठल्या जातीचा करायचा? धावपळीचा, नेमबाजीचा केला तर स्प्रेडशीट पहिल्याच दिवशी हात वर करते. तिला घड्याळाची जाण नाही. कुणी काही टाइप केल्याशिवाय ती हलत नाही. विचार करून एकेक पाऊल टाकायचा कोड्यांचा खेळ मात्र तिच्या अंगाला बरोब्बर बसतो. याचा सर्वांत शुद्ध नमुना म्हणजे १९९० च्या दशकात जपानमध्ये निघालेला ‘टॉवर ऑफ द सॉर्सरर’ हा फुकट खेळ. पन्नास मजल्यांचा मनोरा, दारं, रंगीत किल्ल्या, राक्षस. लढाईत फासे नाहीत, नशीब नाही. कुठल्या राक्षसाशी लढलं तर किती प्राण जातील हे आधीच मोजता येतं. चीनमध्ये या धाटणीचे इतके खेळ निघाले की तिथे तो एक स्वतंत्र प्रकार होऊन बसला. पुढे दक्षिण आफ्रिकेतल्या क्यूसीएफ डिझाइनने ‘डेस्कटॉप डंजन्स’मध्ये आणखी एक शक्कल काढली: नकाशावरची न पाहिलेली जागा पाहिली की योद्ध्याला थोडे प्राण मिळतात. म्हणजे अंधार हीच शिदोरी. सगळा नकाशा आधीच फिरून टाकला की मोठ्या राक्षसापुढे जखमा भरून काढायला काही उरत नाही.

घरचा खेळ बनवणाऱ्याने याच वाटेने जावं. एक शिलेदार घ्या: प्राण १००, हल्ला १४, बचाव ६. वाटेत दोघे आडवे येतात. पहिला मुंजा: प्राण ३०, हल्ला १३, बचाव ४. दुसरा वेताळ: प्राण ४०, हल्ला २०, बचाव १२. नियम एवढाच की हल्ल्यातून समोरच्याचा बचाव वजा केला की एका घावात किती प्राण जातात ते कळतं, आणि पहिला घाव नेहमी शिलेदाराचा. शिलेदार मुंजाला एका घावात १० ने कापतो, म्हणजे तीन घाव लागतात. तिसरा घाव बसला की मुंजा संपला, त्यामुळे त्याला उलट मारायची संधी दोनदाच मिळते. दर वेळी ७, एकूण १४ गेले. शीटमध्ये हे सगळं एकाच फॉर्म्युल्यात येतं: मुंजाचे प्राण भागिले एका घावाचं नुकसान, ते ‘राउंडअप’ने वरच्या पूर्ण आकड्याला नेलेलं, त्यातून एक वजा, आणि त्याला मुंजाच्या एका फटक्याने गुणलेलं.

लढाईच्या आधी एका खोलीत दोन वस्तू ठेवलेल्या आहेत आणि एकच उचलता येते: हल्ला ४ ने वाढवणारी तलवार किंवा बचाव ४ ने वाढवणारी ढाल. तलवार उचलली तर मुंजाला एका घावात १४ लागतात. पण ३० ला १४ ने भागून वर नेलं तरी घाव तीनच, आणि नुकसान पुन्हा १४. तलवारीचा उपयोग शून्य. ढाल उचलली तर मुंजाचा फटका ७ वरून ३ वर येतो आणि नुकसान फक्त ६. कुणीही ढालच उचलेल. मग वेताळ भेटतो. ढालवाल्या शिलेदाराचा घाव त्याला दोनच लागतो. वीस घाव हवेत, तोवर वेताळ एकोणीस वेळा १० ने मारतो, १९० प्राण. संपला खेळ. तलवारवाल्याला मात्र घाव सातच लागतात आणि सहा फटके १४ चे खावे लागतात, म्हणजे ८४. आधीचे १४ धरून ९८. तो वाचतो, दोन प्राण शिल्लक ठेवून.

कोडं म्हणतात ते हे. दोन राक्षस, दोन वस्तू, एक राउंडअप. आकडे बदलून बघायला शीट हाताशी असल्यामुळे असली कोडी बनवणंही तिथेच सोपं जातं. वेताळाचा बचाव ११ केला तर काय होतं, शिलेदाराला प्राण ९८ च दिले तर काय होतं, हे टाइप करायचं आणि बघायचं.

याच फॉर्म्युल्यात दोन खड्डेही आहेत. शिलेदाराचा हल्ला आणि राक्षसाचा बचाव सारखाच निघाला तर शून्याने भागाकार होतो आणि सेलमध्ये एररचं कडबोळं उमटतं. ‘इफ’ने आधीच तपासून तिथे ‘याच्या वाटेला जाऊ नका’ असं लिहून घेतलं की झालं. दुसरा खड्डा जास्त विनोदी आहे. शिलेदाराचा बचाव राक्षसाच्या हल्ल्यापेक्षा वाढला की राक्षसाचा फटका ऋण होतो आणि मार खाऊन प्राण वाढायला लागतात! खेळणाऱ्यांना हे एकदा कळलं की ते मुंजाच्या दारात मुक्कामच ठोकतात. फटका शून्याच्या खाली जाऊ न देण्यासाठी ‘मॅक्स’ लावावं लागतं.

खरी डोकेदुखी वेगळीच आहे. स्प्रेडशीटला आठवण नसते. सेलमध्ये आत्ताचं उत्तर असतं. मघाशी काय होतं याचा तिला पत्ता नसतो. शिलेदाराने किल्ली उचलली आणि पुढच्या खोलीत गेला, तर किल्ली उचलली होती हे कोण लक्षात ठेवणार? मॅक्रोवाले इथे कोड लिहितात. काही जण एक्सेलच्या सेटिंगमध्ये सेलला स्वतःकडेच बोट दाखवायची परवानगी देतात, पण तो उद्योग भल्याभल्यांना गोत्यात आणतो.

त्यापेक्षा एक साधा, जुन्या मुनिमांना पटेल असा उपाय आहे: रोजकीर्द ठेवायची. एका कॉलममध्ये खेळणाऱ्याने फक्त चाली लिहायच्या, एका ओळीत एक. उत्तरेला ‘उ’, दक्षिणेला ‘द’, पूर्वेला ‘पू’, पश्चिमेला ‘प’. हवं तर ड्रॉप-डाउन यादी द्यायची, म्हणजे भलतंसलतं काही टाइप होत नाही. शेजारच्या कॉलमांमध्ये खोली, प्राण, हल्ला, बचाव, किल्ल्या. प्रत्येक ओळ वरच्या ओळीकडे बघते आणि आजची चाल लावून नवी स्थिती काढते. नकाशा वेगळ्या शीटवर: उभ्या रांगेत खोल्या, आडव्या रांगेत चार दिशा, आणि मधल्या सेलांत त्या दिशेला गेलं की कुठली खोली लागते ते. ‘इंडेक्स’ आणि ‘मॅच’ ही जोडगोळी तिथून उत्तर आणते. किल्ली आधीच उचलली आहे का? ‘काउंटइफ’ला विचारायचं की या खोलीचं नाव वरच्या ओळींमध्ये येऊन गेलं आहे का. येऊन गेलं असेल तर खोली रिकामी. हे फॉर्म्युले एकदा लिहून दोनशे ओळी खाली ओढले की खेळाचं इंजिन तयार.

या मांडणीतून असं काही मिळतं जे बाजारातल्या महागड्या खेळांतही क्वचितच दिसतं. चाल मागे घ्यायची तर शेवटचं अक्षर पुसायचं. खेळ साठवायचा तर अक्षरांचा तो कॉलम कॉपी करून ठेवायचा. सगळं उत्तर मोबाइलवरच्या एका मेसेजात मावतं. आणि तिसऱ्या ओळीतली चाल बदलली तर त्यानंतरचा सगळा प्रवास डोळ्यांदेखत बदलतो. जिवंत शिलेदार सतराव्या ओळीला मरतो, मेलेला उठून चालायला लागतो. भूतकाळ असा दुरुस्त करता येतो म्हटल्यावर कोडीही त्यावरच बेतावीत. शेवटच्या खोलीत पोचल्यावर लक्षात यावं की ढाल उचलणं ही चूक होती, आणि मग वर जाऊन ती एकच चाल बदलून बाकीचा मार्ग तसाच टिकतो का ते पाहावं.

दिसायलाही खेळ बरा हवा. एक्सेलमध्ये ओळीची उंची साधारण २० पिक्सेल असते. कॉलमची रुंदीही २० केली की शीटचा आलेखाचा कागद होतो. (जपानी कचेऱ्यांत सरकारी अर्जसुद्धा असल्या बारीक चौकटींवर आखायची खोड आहे आणि तिथले लोक तिच्यावर यथेच्छ वैतागतात.) भिंतींना रंग, दारांना दुसरा रंग. मग कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये एक नियम: शिलेदारापासून दोन घरांपेक्षा लांब असलेली चौकट काळी. त्याने पाऊल टाकलं की उजेड त्याच्याबरोबर सरकतो. एवढ्या एका नियमाने लहान मुलं हरखून जातात, मोठीही.

ठिकाण ‘३-२’ असं लिहायला सांगायचं मात्र टाळावं. एक्सेल त्याची लगेच तारीख करून टाकते. ही तिची जुनी खोड आहे आणि तिने शास्त्रज्ञांनाही दमवलं. मार्च-१, सेप्ट-१ अशी नावं असलेल्या जनुकांच्या शोधनिबंधातल्या याद्यांमध्ये तारखा घुसू लागल्या, तेव्हा २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने त्या जनुकांचीच नावं बदलली. सॉफ्टवेअर बदलण्यापेक्षा ते सोपं पडलं.

कुलपांची कोडी बसवताना मराठी खेळकर्त्याला घरचा खजिना आहे. नाशिकजवळच्या देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी ६१७४ या आकड्याचा गुणधर्म १९४९ मध्ये दाखवून दिला. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग लहानाकडून मोठ्याकडे, आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. फार तर सात वेळा केलं की ६१७४ येतो आणि तिथेच ठाण मांडतो. ३५२४ घेतला तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४.

शीटमध्ये हे यंत्र ‘लार्ज’ आणि ‘स्मॉल’ या दोन फंक्शनांनी अर्ध्या तासात उभं राहतं. मग दारावर पाटी लावायची: ‘बरोब्बर तीन फेऱ्यांत ६१७४ वर पोचणारा आकडा दे.’ उत्तरं अनेक आहेत, त्यामुळे एकाचं उत्तर दुसऱ्याने चोरण्यात मजा नाही. ११११ टाकणारा शून्यात जातो. त्याला तळघरात पाठवावं. एक सावधगिरी: मधे कुठे तीन अंकी उत्तर आलं, समजा ९९९, तर ते ०९९९ असं धरावं लागतं, आणि पुढचं शून्य गिळून टाकणं ही एक्सेलची आणखी एक खोड. ‘टेक्स्ट’ फंक्शन वापरून चार जागा पक्क्या कराव्या लागतात.

परवलीच्या शब्दांची कुलपं मराठीत जरा जपून लावावीत. ‘किल्ली’ या शब्दात किती अक्षरं, असं माणसाला विचारलं तर तो दोन म्हणेल. ‘लेन’ फंक्शन सहा म्हणतं, कारण क, वेलांटी, ल, हलन्त, पुन्हा ल आणि पुन्हा वेलांटी हे सगळं ते सुटं सुटं मोजतं. अक्षरं उलट-सुलट करायचं कोडं इंग्रजीत चालतं, देवनागरीत त्याचा भुगा होतो. अख्खा शब्द अख्ख्या शब्दाशी जुळवावा, आणि शक्यतो जोडाक्षर नसलेला निवडावा.

फासे हवेतच अशी कुणाची हौस असेल तर ‘रँडबिटवीन’ हे फंक्शन आहे, पण ते बेभरवशाचं. शीटमध्ये कुठेही काही टाइप केलं की ते नवा आकडा टाकतं, त्यामुळे दहाव्या ओळीत चाल लिहिताच पहिल्या ओळीतली लढाई बदलते. १९८१ च्या सिंक्लेअर झेडएक्स-८१ या पिटुकल्या कॉम्प्युटरची युक्ती इथे चालते: आधीच्या आकड्याला ७५ ने गुणायचं, ७४ मिळवायचे, ६५,५३७ ने भागून बाकी घ्यायची. आकडे दिसतात बेबंद, पण सुरुवात तीच असेल तर रांगही तीच येते.

राहता राहिली चोरी. स्प्रेडशीटमधला खेळ म्हणजे काचेच्या पेटीतली जादू. सेलवर क्लिक केलं की वरच्या पट्टीत फॉर्म्युला उघडा पडतो, आणि त्यात उत्तर लिहिलेलं असेल तर तेही. शीट लपवता येते, फॉर्म्युले झाकून पासवर्ड लावता येतो, पांढऱ्यावर पांढरं लिहिता येतं. पण शीटचं हे संरक्षण चुकून बोट लागू नये म्हणून आहे, चोरासाठी नाही. त्यापेक्षा कोडं असं असावं की फॉर्म्युला वाचून नियम कळावेत, उत्तर नाही. बुद्धिबळाचे नियम उघडेच असतात. १९८२ चा जपानी ‘सोकोबान’, गोदामात पेट्या ढकलायचा तो खेळ, एका वाक्यात समजतो, तरी तो सोडवणं कॉम्प्युटरलाही किती अवघड आहे हे १९९७ मध्ये गणिताने सिद्ध झालं. मुंजा-वेताळाचा फॉर्म्युला जाहीर करून टाकला तरी तीस खोल्यांतून कुठल्या क्रमाने जायचं हे शोधावंच लागतं. उलट फॉर्म्युला वाचायचा प्रयत्न करणारा शाळकरी मुलगा नकळत ‘इंडेक्स’ आणि ‘मॅच’ शिकून बसतो, आणि त्याबद्दल तक्रार करणारे पालक अजून जन्माला यायचे आहेत.

मॅक्रो टाळण्याला एक व्यवहारी कारणही आहे. मॅक्रोंतून व्हायरस पसरतात म्हणून २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलींमधले मॅक्रो मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. वर लाल पट्टी दिसते आणि ओळखीच्या माणसाने पाठवलेली फाइल उघडायचीही धास्ती वाटते. नुसत्या फॉर्म्युल्यांचा खेळ मात्र लिब्रेऑफिसमध्ये चालतो, गुगल शीट्समध्ये चालतो, मोबाइलवरही चालतो. गुगल शीट्सवर ठेवला तर प्रत्येकाने आधी आपापली कॉपी करून घ्यावी एवढं सांगायला विसरू नये. नाहीतर एकाच शिलेदाराला आत्येभाऊ पूर्वेला ओढतो, मामेबहीण पश्चिमेला, आणि वेताळाचं काम आयतंच होऊन जातं.